स्लाइडचा रंग उडालेला नाही, फ्रिजच तसा होता

प्रश्न : ताई, माझे काका 1970च्या दशकात न्यू जर्सीत होते. त्यांच्या स्लाइड्सचा डबा आता माझ्याकडे आलाय. त्यात एक लांबलचक गाडी आहे, दारांवर चक्क लाकूड. घरातला फ्रिज शेवाळी, गालिचा चॉकलेटी, सोफा विटकरी. हे रंग खरे, की स्लाइड्स खराब झाल्यात? आणि गाडी लाकडाची होती का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : डब्यातली एखादी बर्फाची स्लाइड शोधा. बर्फ पांढरा दिसला, तर बाकीचे रंगही खरे समजा. चौकटीवर ‘कोडाक्रोम’ छापलेलं असेल तर काळजीच नको, अंधारात ठेवलेल्या त्या फिल्मचे रंग फार टिकतात.

आम्ही 1972 मध्ये तिकडे गेलो. भाड्याच्या घरात फ्रिज आणि शेगडी दोन्ही ‘हार्वेस्ट गोल्ड’, म्हणजे कापणीला आलेल्या भाताचा रंग. शेजारणीकडे ‘अ‍ॅव्होकाडो’ हिरवा. तांब्याच्या हंड्यासारखा ‘कॉपरटोन’ही असे. आधीच्या पिढीच्या गुलाबी-फिरोजी स्वयंपाकघरांना लोक कंटाळले होते. 1970च्या एप्रिलमध्ये पहिला वसुंधरा दिन झाला होता, मातीचं, झाडापानांचं अप्रूप सगळीकडे होतं. मला ते रंग पहिल्या दिवसापासून ओळखीचे वाटले. गेरू, काव, हळद, शेवाळ! परक्या देशातल्या त्या स्वयंपाकघरात मी लवकर रुळले, ती त्यांच्यामुळेच.

आता गाडी. तिला स्टेशन वॅगन म्हणत. लाकडी अंगाच्या गाड्या पूर्वी खरोखर होत्या, पण 1950च्या दशकात ते लाकूड गेलं. काकांच्या गाडीवर आहे ती लाकडाची नक्षी छापलेली व्हिनाइलची पातळ फिल्म. आमच्याकडे फोर्डची ‘कंट्री स्क्वायर’ होती, जुनी घेतलेली, तपकिरी. लांबी जवळजवळ 19 फूट. आपली अँबॅसडर 14 फुटांची, म्हणजे बघा. मागच्या टोकाला दोन छोटी बाकं समोरासमोर, टपाच्या जीपमध्ये असतात तशी. तिथे मुलांचं राज्य. भेंड्या सुरू झाल्या की पुढे बसलेल्या आम्हाला रस्ता विचारायलाही ओरडावं लागे.

मागचं दार दोन तऱ्हांनी उघडे : बाजूलाही आणि खालीही. खाली पाडलं की झाला ओटा. 1977 मध्ये न्यूयॉर्कच्या फ्लशिंगला गणपतीचं देऊळ झालं, तेव्हा आम्ही दोन कुटुंबं त्या एका गाडीतून दर्शनाला गेलो होतो. परतताना वाटेत थांबून त्याच ओट्यावर पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि सावर क्रीमचं श्रीखंड वाढलं. आमच्या मुलांना आजही देवळापेक्षा तो ओटा जास्त आठवतो, आणि मलाही.

अशा गाड्या गॅलनला 10-12 मैल जेमतेम देत. 1973च्या तेलटंचाईनंतर ते परवडेना. 1974च्या फेब्रुवारीत न्यू जर्सीत नंबरप्लेटच्या सम-विषम आकड्यांवर पेट्रोलचा दिवस ठरे, आमचे ‘हे’ पहाटेच रांगेत जाऊन उभे राहत. पुढे मिनीव्हॅन आल्या आणि 1991 नंतर कंट्री स्क्वायर निघालीच नाही.

काकांची गाडी कुठली हे ओळखायचं तर मागच्या काचेतून नीट बघा. मुलं एकमेकांकडे तोंड करून बसलेली दिसली तर ती बहुतेक आमच्यासारखीच फोर्ड. मागे सुटणाऱ्या रस्त्याकडे बघत बसली असतील तर दुसऱ्या कंपनीची. सापडली तर त्या स्लाइडची एक प्रत मला नक्की पाठवा. आमच्या गाडीचा एकही फोटो आमच्याकडे उरलेला नाही.