काठीमागचे पाते : फिलिपिनो युद्धकलेविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या तालमीत शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी मुले लाठीकाठी आणि दांडपट्टा शिकतात. अलीकडे फिलिपिन्सच्या काठीयुद्धाच्या चित्रफिती पाहून ती बरेच काही विचारू लागली आहेत. याच कलेच्या जोरावर तिथल्या मक्तान बेटाचा सरदार लापुलापू याने स्पेनच्या मोहिमेचा दर्यावर्दी मॅगेलन याला मारले आणि पुढे स्पॅनिशांनी बंदी घातल्यामुळे ती नाचात लपवून जपली गेली, असे सांगतात. हे कितपत खरे आहे?
— एक वस्ताद, सोलापूर

उत्तर : मक्तानची लढाई खरी आहे आणि तिची तारीखही ठाऊक आहे : २७ एप्रिल १५२१. मॅगेलनसोबत गेलेल्या अँतोनियो पिगाफेत्ता याने ती स्वतः पाहिली व लिहून ठेवली. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यामुळे होड्या दूरच थांबवाव्या लागल्या, मॅगेलनची माणसे पाण्यातून चालत गेली आणि त्यांच्यावर बाण व बांबूचे भाले यांचा वर्षाव झाला. दंडात भाला लागल्यामुळे मॅगेलनला तलवार पुरती उपसताही आली नाही. पुढे डाव्या पायावर रुंद पात्याचा घाव बसताच तो पालथा पडला. म्हणजे हा विजय मोठा जमाव, समुद्राची जाण, भाले आणि पाती यांचा होता. आज आर्निस, एस्क्रिमा किंवा काली या नावांनी शिकवली जाणारी बांधीव पद्धत तेव्हा याच रूपात होती, असे त्या वृत्तान्तावरून म्हणता येत नाही. लापुलापूचा पराक्रम त्यामुळे तसूभरही कमी होत नाही, म्हणून मुलांना तो जसा घडला तसाच सांगावा.

बंदी आणि नाचाची कथा सांगताना अधिक सावध राहावे, असे मला वाटते. ती जगभरच्या वर्गांत सांगितली जाते, पण तिला लेखी आधार फार तोकडा आहे. उलट, १५६५ पासून १८९८ पर्यंतच्या स्पॅनिश अमदानीत मध्य फिलिपिन्समधल्या व्हिसाया बेटांवरच्या किनारी गावांना समुद्रमार्गे येणाऱ्या धाडींपासून स्वतःचा बचाव करावा लागे, आणि त्यासाठी बांधलेले टेहळणी बुरूज सेबू बेटावर आजही उभे आहेत. ज्या गावांना स्वतःच लढावे लागत होते, त्यांच्या हातून शस्त्र सरसकट काढून घेतले गेले असेल, हे पटण्याजोगे नाही. शिवाय या कलेची परिभाषा पाहा : तलवार-खंजिराच्या जोडीला ‘एस्पादा ई दागा’ म्हणतात, पंख्यासारख्या फिरत्या फटक्याला ‘अबानिको’. हे सारे शब्द स्पॅनिश आहेत. स्थानिक पातेबाजी आणि युरोपीय तलवारबाजी यांचा दीर्घकाळ संबंध आल्याची ही खूण आहे.

जिचा इतिहास नीट सांगता येतो ती कला प्रामुख्याने विसाव्या शतकातली आहे. १९३२ साली सेबूमध्ये ‘डोसे पारेस’ ही संस्था स्थापन झाली. तिच्यातून बाहेर पडून वेनान्सियो बाकोन यांनी १९५२ मध्ये ‘बालिन्तावाक’ ही शाखा सुरू केली आणि एकाच काठीने, अगदी जवळून लढण्यावर भर दिला. नेग्रोस बेटावर जन्मलेल्या रेमी प्रेसास यांचे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जुन्या सरावात फटका थेट जोडीदाराच्या हातावर मारण्याची रीत होती, त्यामुळे शिकणारे जखमी होऊन वर्ग सोडून जात. प्रेसास यांनी काठीवर काठी मारण्याचा सराव रूढ केला, आणि ही कला शाळा-महाविद्यालयांच्या मैदानावर आली. पुढे ११ डिसेंबर २००९ रोजी कायदा क्रमांक ९८५० अन्वये आर्निसला फिलिपिन्सची राष्ट्रीय युद्धकला व राष्ट्रीय खेळ म्हणून मान्यता मिळाली.

प्रश्न : माझी मुलगी लाठीकाठी खेळते. आर्निसमध्ये पहिल्याच दिवशी हातात काठी देतात आणि रिकाम्या हाताचे डाव मागाहून शिकवतात, असे वाचले. हा क्रम उलटा कसा? आणि आपल्या लाठीहून ती कला वेगळी कशी?
— एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : क्रम उलटा दिसतो, कारण तिथे काठी हे शिक्षणाचे साधन आहे, शिकवला जातो तो वाराचा कोन. बहुतेक शाखांत वारांना क्रमांक दिलेले असतात. प्रेसास यांच्या बारा वारांमध्ये पहिला डाव्या कानशिलावर, दुसरा उजव्या कानशिलावर, पाचवा पोटात सरळ भोसकण्याचा आणि बारावा टाळूवर येतो. डाव्या कानशिलाकडे येणारी वस्तू काठी असो, कोयता असो वा मूठ असो, तिची वाट जवळपास तीच राहते. म्हणून एकदा वाट ओळखता आली की बाजूला सरण्याचा पवित्रा आणि हाताची हालचाल शस्त्रागणिक नव्याने शिकावी लागत नाही. अंतर मात्र बदलते, आणि त्याचेही लांब, मध्यम व जवळचे असे वेगवेगळे शिक्षण दिले जाते.

आपली लाठी लांब असते, बहुधा दोन्ही हातांनी फिरवली जाते आणि चहूबाजूंनी घेरले गेल्यावर सभोवार मोकळी जागा राखण्यात तिचे सामर्थ्य आहे. आर्निसची काठी सुमारे ७० सेंटिमीटर लांब, एका हातात मावणारी आणि समोरच्या एका माणसाकडे रोखलेली. आपल्याकडच्या खेळांत तिला फरी-गदका अधिक जवळचा, फक्त आर्निसमध्ये डाव्या हातात ढाल नसते. तो हात रिकामा असला तरी स्वस्थ नसतो : समोरच्याचे मनगट दाबणे, कोपर ढकलणे, काठी हिसकावून घेणे ही सारी कामे तोच करतो. नवशिक्याचे सगळे लक्ष काठीवर असते आणि जाणता माणूस हा डावा हात पाहतो, इतके त्याला महत्त्व आहे. दुसरे मर्म असे, की शक्य तेव्हा पहिला फटका शस्त्र धरलेल्या हातावरच मारायचा. शस्त्र गळून पडले की डोक्यावर घाव घालण्याची गरज उरत नाही.

दोन काठ्यांचा ‘सिनावाली’ हा जोडीचा सराव सोलापूरकरांना पाहताक्षणी आवडेल. हातमागावर धागे एकमेकांच्या वरून-खालून जावेत तशा चारही काठ्या ठरलेल्या लयीत एकमेकींना छेदत जातात. लेझमीवर पाय बसलेल्या मुलीला ही लय लवकर सापडेल. मात्र लय सापडली म्हणजे लढता आले असे नव्हे. जोडीदाराने मध्येच क्रम मोडला, तर काय करायचे याचा सराव त्यानंतर सुरू होतो.

प्रश्न : घरच्या सरावाला बांबूच्या काठ्या चालतील का?
— एक विद्यार्थी, अक्कलकोट रस्ता

उत्तर : जोडीच्या सरावाला मुळीच नाही. बांबू पोकळ असतो, आपटला की उभा चिरतो आणि त्याच्या धारदार ढलप्या डोळ्यांत वा हातात घुसू शकतात. फिलिपिन्समध्ये सरावासाठी वेत वापरतात, कारण तो भरीव असून हलका असतो आणि मार खाऊन तुटण्याऐवजी तंतू-तंतू सुटत झिजतो. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात वेत लवकर ठिसूळ होतो, तेव्हा काठ्या उन्हात ठेवू नयेत आणि तंतू सुटू लागताच त्या जागी चिकटपट्टी गुंडाळावी. कामागोंगसारख्या जड लाकडाची काठी एकट्याच्या सरावापुरतीच ठेवावी. तिच्या एका फटक्याने बोटाचे हाड मोडू शकते. जोडीने खेळताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच, आणि पहिले काही महिने वेग वाढवण्याची घाई करू नये.