कुलूप भक्कम, किल्ली कुंडीखाली: घरच्या राउटरविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वायफायचं नाव लपवलं आहे. पासवर्ड म्हणून स्वतःचा मोबाइल नंबर ठेवलाय, म्हणजे घरात कोणी विसरत नाही. तरी राउटरच्या यादीत अनोळखी मोबाइल दिसतो. मॅक फिल्टरमध्ये तो ब्लॉक केला की चार दिवसांनी दुसरा हजर. शेजारी वापरत असतील का? (चिंचवड)

शेजाऱ्यांवर शंका घेण्याआधी घरातले फोन तपासा. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक पत्ता (उपकरणाची वायफायवरची ओळख) न देता प्रत्येक वायफायसाठी वेगळा, बनवलेला पत्ता देतो. तो ओळखायची खूण सोपी आहे : पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता बनवलेला. घरातल्या एकेका फोनचं वायफाय बंद करत यादी पाहत राहा. ‘अनोळखी’ पाहुणा बहुतेक वेळा घरातल्याच कुणाच्या तरी खिशात सापडतो. आणि तुम्ही ब्लॉक केल्यावर त्यानेच वायफाय ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडलं असेल, तर काही फोनांत नवा पत्ता घेऊन तोच परत आलेला असू शकतो.

मॅक फिल्टरचा भरवसा तसाही धरू नये. मॅक पत्ता हवेतून उघडाच जातो. ऐकणारा तो उचलून स्वतःला लावू शकतो. नाव लपवण्याचंही तेच. फोन जोडला जाताना ते नाव हवेत बोललं जातंच, वर तुमचा फोन बाजारात, बसमध्ये, जाईल तिथे ‘अमुक वायफाय आहे का?’ असं विचारत फिरू शकतो. नाव उघडं ठेवा. फक्त त्यात आडनाव किंवा फ्लॅट नंबर नको.

खरी अडचण त्या मोबाइल नंबराची आहे. डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षा-पद्धतीत फोन जोडला जातानाची देवाणघेवाण कोणी टिपून घेतली, तर पुढचे अंदाज तो घरी बसून, राउटरला न विचारता लावू शकतो. आपले मोबाइल नंबर दहा अंकी आणि सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. म्हणजे शक्यता फक्त ४०० कोटी. चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला लाखो अंदाज तपासतं. काही तासांचं काम. तुमचा नंबर माहीत असलेल्याला तर तेवढेही कष्ट नाहीत. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहा, वीस अक्षरं सहज होतात आणि घरात सांगायलाही सोपे.

आता क्रमाने : ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ उघडा (नक्की कोणता, ते राउटरखालच्या स्टिकरवर असतं). सर्वांत आधी या पानाचाच, म्हणजे अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. वायफायचा पासवर्ड आणि हा, दोन वेगळी कुलपं आहेत. मग डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा. त्याचा पिन आठ आकडी दिसतो, पण शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा आणि राउटर पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो. त्यामुळे १० हजार अधिक १ हजार, एवढ्या ११ हजार प्रयत्नांत तो हमखास सापडतो. २०११ मध्येच हे उघड झालं. पासवर्ड साठ अक्षरांचा ठेवून डब्ल्यूपीएसचा पिन चालू ठेवणं म्हणजे कुलूप लावून किल्ली कुंडीखाली ठेवणं. त्यानंतर ‘रिमोट मॅनेजमेंट’ (घराबाहेरून राउटरचं पान उघडायची सोय) बंद करा आणि वायफायचा पासवर्ड शेवटी बदला. सेव्ह दाबताच फोन बाहेर फेकला जाईल. बिघाड नाही, नवा पासवर्ड टाकून परत या.

प्रश्न : आमच्या इमारतीत फोनवर पंचवीसेक वायफाय दिसतात. संध्याकाळी वेग पार बसतो. चॅनल ‘ऑटो’वर आहे. राउटरची पॉवर वाढवू का? (डोंबिवली)

पॉवर वाढवून फार हाती लागत नाही. राउटर मोठ्याने बोलला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो, आणि राउटरला तोही ऐकायचा असतो.

२.४ गिगाहर्ट्‌झमध्ये, म्हणजे वायफायच्या या पट्ट्यात, एकमेकांवर न चढणारे चॅनल (बोलायच्या वाटा) तीनच : १, ६ आणि ११. वायफाय अ‍ॅनलायझरसारखं अ‍ॅप घेऊन, संध्याकाळी आठ-नऊला, राउटर आहे तिथे उभं राहून पाहा. तिघांतला कमी गर्दीचा निवडा. ३ किंवा ४ ‘रिकामा’ दिसला तरी घेऊ नका. तिथे १ आणि ६ दोन्हीकडचा गोंगाट तुमच्यावर येतो. एकाच चॅनलवरचे राउटर निदान एकमेकांचं ऐकून पाळीपाळीने बोलतात. ‘चॅनल विड्थ’ (वाटेची रुंदी) २० मेगाहर्ट्‌झ ठेवा. ४० केली की आकडा मोठा दिसतो, पण गर्दीच्या इमारतीत ती अर्ध्याहून जास्त पट्टा अडवते आणि वेग उलट घसरतो.

टीव्ही, लॅपटॉप आणि नवे फोन ५ गिगाहर्ट्‌झवर न्या, विड्थ ८० ठेवा. चॅनल ३६ ते ४८ मधला किंवा १४९ ते १६१ मधला. मधले ५२ ते १४४ बहुधा मोकळे दिसतात, कारण तिथे रडारला मान द्यावा लागतो : राउटर सुरू झाल्यावर किमान एक मिनिट नुसता ऐकत बसतो, आणि रडारची चाहूल लागली की तो चॅनल अर्धा तास सोडावा लागतो. ‘५ गिगाहर्ट्‌झ मधूनच गायब होतं’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. विमानतळाजवळ राहत असाल तर त्या वाटेला जाऊ नका.

राउटर लोखंडी कपाटावर, आरशामागे किंवा टीव्हीच्या पाठीशी असेल, तर वरचं सगळं करण्याआधी तो तिथून हलवा.

प्रश्न : डब्ल्यूपीए३ केल्यापासून स्मार्ट प्लग आणि जुना प्रिंटर जोडलेच जात नाहीत. (नाशिक)

जुन्या उपकरणांना डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षा-पद्धत समजतच नाही. मुख्य वायफायवर ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ मिश्र पर्याय घ्या, पीएमएफ (वायफायच्या नियंत्रण-संदेशांचं संरक्षण) ‘ऑप्शनल’ किंवा ‘केपेबल’वर ठेवा, ‘रिक्वायर्ड’ केलं की जुनी मंडळी बाहेर. तरीही प्लग रुसला तर गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) फक्त २.४ वर, डब्ल्यूपीए२-एईएसमध्ये सुरू करून त्याला तिथे बसवा. जोडताना फोनही त्याच नेटवर्कवर हवा. बहुतेक प्लगना ५ गिगाहर्ट्‌झ दिसत नाही, म्हणून दोन्ही पट्ट्यांचं नाव एकच असेल तर काही वेळ वेगळं करा.

प्रिंटर मात्र गेस्टवर टाकू नका. तिथली उपकरणं सहसा घरच्या नेटवर्कपासून तोडलेली असतात, छापायला जाल तर सापडणार नाही. लॅन केबल लावा. आणि त्याच्यासाठी ‘टीकेआयपी’ ही जुनी संकेत-पद्धत निवडायचा मोह टाळा : ते असुरक्षित आहेच, शिवाय अख्ख्या वायफायचा वेग ५४ एमबीपीएसवर अडकतो.

प्रश्न : शेतावरच्या घरातला कॅमेऱ्याचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) पुण्यातून पाहायचा आहे. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची हाक आतल्या उपकरणाकडे वळवणं) तीनदा केलं, चालत नाही. (सातारा)

राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरचा इंटरनेटकडचा पत्ता) पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांतल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. बाहेरून आलेली हाक तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. तीनशे वेळा केलंत तरी चालणार नाही. पत्ता १० ने किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर तुमच्या राउटरपुढे आणखी एक राउटर आहे, बहुधा फायबरचा डबाच.

खरं तर चालत नाही हे बरंच झालं. २०१६ मध्ये ‘मिराई’ या व्हायरसने लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या लावून बघत. डीव्हीआरच्या कंपनीचं अ‍ॅप वापरा. त्यात डीव्हीआर आतून बाहेर जोडणी करतो, पोर्ट उघडावा लागत नाही. डीव्हीआरचा मूळ पासवर्ड त्याआधी बदला. राउटरमधलं यूपीएनपी बंद ठेवा, नाहीतर आतलं कुठलंही उपकरण तुम्हाला न विचारता पोर्ट उघडून घेतं. आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर त्याचं फायरवॉल चालू आहे का तेही पाहा. तिथे वाटून घेतलेल्या पत्त्याचा आडोसा नसतो.

प्रश्न : सेटिंगचा गुंता झालाय. टाचणीने रीसेट करू का? (कुडाळ)

थांबा. फायबरच्या डब्यात पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटला लॉगिन करायचं) नाव-पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी (कंपनीने ठरवलेला क्रमांक) भरलेले असतात. रीसेटमध्ये ते पुसले गेले तर नेटवाला येईपर्यंत घर बंद. आधी वॅनच्या पानाचे फोटो काढा, ‘बॅकअप’ किंवा ‘सेव्ह कॉन्फिगरेशन’ असेल तर फाइल उतरवून घ्या, पीपीपीओईचा पासवर्ड कंपनीकडून विचारून लिहून ठेवा; पानावर तो ठिपक्यांत दिसतो, फोटोत येणार नाही. एवढं हाताशी असेल तर मग टाचणी घ्या आणि दिवे एकदा विझून पुन्हा लागेपर्यंत, साधारण दहा सेकंद, दाबून धरा.