वोलोफमधलं ‘गि’, ‘मि’, ‘बि’ पाठ करायचं का?

सेनेगलची राजधानी डाकार इथे नोकरीनिमित्त निघालेल्या एका वाचकाने विचारलं आहे: तिथल्या वोलोफ भाषेचे दीडशे शब्द पाठ झाले, पण शब्दकोशात प्रत्येक नामासोबत कुठे ‘गि’, कुठे ‘मि’, कुठे ‘बि’ दिसतं. ते लक्षात ठेवायचं की सोडून द्यायचं? आणि शब्दसंग्रह वाढवायचा तरी कसा?

अवश्य लक्षात ठेवा. दीडशे शब्दांच्या यादीपेक्षा त्या एकेका अक्षरात जास्त भाषा आहे.

वोलोफमध्ये घराला ‘कर’ म्हणतात. उच्चार थेट आपल्या ‘कर’सारखा, म्हणून ‘घर’ आठवलं की हा शब्द विसरणं अवघड. पण वहीत नुसतं ‘कर’ लिहू नका, ‘कर गि’ लिहा. पाणी लिहा ‘न्दोख़ मि’, घोडा ‘फास वि’, बाई ‘जिगेन जि’, माती ‘सूफ सि’, मूल ‘ख़ाले बि’. (ख़ घशात घासून म्हणायचा, उर्दूतल्या ख़बरसारखा.) वोलोफची नामं गटांत विभागलेली असतात, एकवचनाचे आठ गट आणि अनेकवचनाचे दोन, आणि प्रत्येक गटाचं एक ठरलेलं व्यंजन असतं. आपल्याकडे ‘वाट’ ती आणि ‘रस्ता’ तो का, याचं कारण कुणी सांगत नाही. शब्द कानावर पडतो तो लिंगासकटच. तसंच हे.

आता त्या ‘ग’चा उपयोग पाहा. ‘कर गि’ म्हणजे इथलं, जवळचं, बोलण्यात आलेलं घर. ‘कर गा’ म्हणजे तिकडचं, लांबचं. स्वर लांबवून ‘कर गी’ म्हटलं की ‘हे घर’. ‘गान कर?’ म्हणजे ‘कोणतं घर?’ आणि ‘कर गु बेस’ म्हणजे ‘नवं घर’. मूल म्हणायचं असेल तर याच साच्यात ‘ब’ घाला: ख़ाले बि, ख़ाले बा, ख़ाले बी, बान ख़ाले. अनेक मुलं असली की ‘ख़ाले यि’. नाम जसंच्या तसं राहतं, बदलतं ते फक्त मागचं अक्षर. माणसासाठी ‘नित कि’ आणि माणसं ‘नित ञि’. ‘क’च्या गटात जेमतेम दोनच नामं आहेत, ‘नित’ आणि वस्तू या अर्थाचं ‘कफ’. पण ‘कोण?’ म्हणजे ‘कान?’, ते याच ‘क’वरून.

‘इ’ जवळचा आणि ‘आ’ लांबचा, हे एकदा कानात बसलं की रोजचा नमस्कारही उलगडतो. ‘नांगा देफ?’ म्हणजे कसं काय. उत्तर येतं ‘मांगि फि रेक्क’, म्हणजे ‘मी आहे इथेच’. मग विचारतात, ‘नाका वा कर गा?’ घरची मंडळी कशी? घर इथून लांब, म्हणून ‘गा’. त्यावर ‘ञुंगा फा’, ‘आहेत ती तिकडे’. ‘फि’ इथे, ‘फा’ तिथे. डाकारमध्ये ही विचारपूस आटोपती घेऊ नका. तिच्यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ती अर्धवट सोडून कामाचं बोलणं उद्धटपणाचं वाटतं.

क्रियापदांचं तंत्र निराळं. तिथे यादी करण्यापेक्षा एक धातू घेऊन त्याचं कुटुंब गोळा करा. ‘दाव’ धावणे, ‘दावाल’ धावायला लावणे, म्हणजे गाडी चालवणे, ‘दावालकात’ ड्रायव्हर. ‘ञाव’ शिवणे, ‘ञावकात’ शिंपी. ‘जाङ’ म्हणजे शिकणे आणि वाचणेही. ‘जांगाल’ शिकवणे, ‘जांगालेकात’ शिक्षक. (ञ आणि ङ आपण मुळाक्षरांत घोकतो आणि मग क्वचितच वापरतो. वोलोफमध्ये ञार, ञेत्त, ञेन्त म्हणजे दोन, तीन, चार. मला हे फार आवडतं.)

सगळ्यात सुंदर प्रत्यय मात्र क्रिया उलटवणारा ‘इ’. ‘उब’ बंद करणे, ‘उब्बि’ उघडणे. ‘लेम’ घडी घालणे, ‘लेम्मि’ घडी मोडणे. ‘सूल’ पुरणे, ‘सुल्लि’ उकरून काढणे. व्यंजन दुप्पट होतं ते नीट दाबून म्हणा. याच रांगेत ‘ताक्क’ बांधणे आणि ‘तेक्कि’ सोडवणे, गाठ उकलणे. आणि ‘तेक्कि’चाच दुसरा अर्थ आहे भाषांतर करणे, अर्थ असणे. आपणही गाठ उकलतो आणि अर्थही उकलतो! दोन भाषांचा एकमेकींशी संबंध नाही, तरी दोघींना शब्दाच्या जागी गाठच दिसली.

काही शब्द तर तुम्हाला आधीच येतात. ख़िबार, वाख़्तु, आद्दुना, ख़ालिमा म्हणजे खबर, वखत, दुनिया, कलम. अरबीतले हे शब्द आपल्याकडे फारसीच्या वाटेने आले, तिकडे इस्लामबरोबर.

आकडे सोपे आहेत. ‘जुरोम’ पाच, ‘जुरोम बेन्न’ पाच-एक म्हणजे सहा, ‘फुक्क’ दहा. तिसाला ‘फानवेर’, म्हणजे महिन्याचे दिवस. बाजारात मात्र जपा, कारण किंमत ‘दरम’मध्ये सांगतात आणि एक दरम पाच फ्रँकचा (फ्रँक हे तिथलं चलन). ‘तेमेर’ म्हणजे शंभर, पण विक्रेती तेमेर म्हणाली तर पाचशे फ्रँक काढा. आपल्याकडे आठ आणे म्हटलं की आठ नाणी कुणी मोजत नाही, तसंच.

गट चुकला तर घाबरू नका. खुद्द डाकारमध्ये बोलताना पुष्कळ नामांना ‘बि’ लावून मोकळे होतात आणि फ्रेंचमधून आलेले शब्द बहुतेक ‘बि’मध्येच जातात. अडलात तर ‘बि’ म्हणा. समोरचा ‘न्दोख़ मि’ म्हणाला की वहीत ‘मि’ टिपा, आणि शब्दच कळला नाही तर विचारा: ‘लु मुय तेक्कि?’