‘इथून पुढे उतरणच ना?’

“मॅडम, सत्तेचाळीस पूर्ण झाली. इथून पुढे उतरणच ना?” समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या बाईंनी खुर्चीत टेकता टेकताच विचारलं. त्यांना नावं चटकन आठवत नव्हती. नव्या सॉफ्टवेअरच्या प्रशिक्षणाला त्यांनी ‘आता शिकायचं वय राहिलं नाही’ म्हणून नकार कळवला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आधी विसरण्याबद्दल खोलात विचारलं. नाव जिभेवर अडतं आणि थोड्या वेळानं आठवतं, हे या वयात सर्रास होतं. रोजचा रस्ता चुकणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं असं काही असतं, तर मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं. तसं नव्हतं.

मग एक काम दिलं. त्या, त्यांचा चोविशीतला मुलगा आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई, तिघांनी एकमेकांना न दाखवता लिहायचं: विशीपासून नव्वदीपर्यंत माणसात काय वाढतं, काय कमी होतं, आणि केव्हा.

मुलाचा कागद चार ओळींचा. साठीनंतर त्यानं सगळंच ‘कमी’त टाकलेलं. त्यांचा स्वतःचा कागदही फार वेगळा नव्हता. सासूबाईंनी मात्र पाठपोट लिहिलं होतं! गुडघे, झोप, नजर यांची तक्रार होतीच. पण शेजारी हेही होतं: ‘राग येतो, पण मुक्काम करत नाही.’ ‘कुणाचं किती मनावर घ्यायचं, ते पासष्टीनंतर कळलं.’

१९८९ साली हेकहाउझेन, डिक्सन आणि बाल्टेस या संशोधकांनी तरुण, मध्यमवयीन आणि वृद्धांना असंच विचारलं होतं. बऱ्याच गोष्टींवर तिन्ही वयांचं एकमत होतं, पण वृद्धांचं चित्र जास्त बारकाव्यांचं निघालं. मला ते अगदी पटतं. त्या वाटेवरून चालून आलेल्यालाच तिथली वळणं ठाऊक असतात.

“पण मेंदू मंदावतो, हे तर खरंच ना?” त्यांनी विचारलं.

वेग मंदावतो, हे मी लपवलं नाही. मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलला सुरू केलेल्या दीर्घ अभ्यासात झटपट ओळखण्याचा वेग लवकर उतरू लागलेला दिसला. भाषेची जाण मात्र साठीपर्यंत सहसा टिकून होती. म्हणजे नवं सॉफ्टवेअर शिकायला त्यांना मुलापेक्षा जास्त दिवस लागतील. येणारच नाही, असं यातून निघत नाही.

सासूबाईंचा कागद त्या पुन्हा वाचत राहिल्या. “आई हे कधी बोलल्याच नाहीत.”

पुढच्या भेटीपर्यंत त्यांनी प्रशिक्षणाला नाव दिलं होतं, सरावाला एक आठवडा जादा मागून.