मंत्री म्हणाले "भरून ठेवा", भाजला नवरा: भरपाई कोणाकडे मागायची?

ताई, मिस्टर घरी आलेत हे वाचून बरं वाटलं. तुमची हकीकत थोडक्यात अशी: टँकरवाल्यांचा संप होणार अशी हवा झाली, पंपांवर रांगा लागल्या, त्यात दौऱ्यावर आलेल्या एका मंत्र्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं की घाबरू नका, पण चार दिवस पुरेल एवढं पेट्रोल घरी भरून ठेवायला हरकत नाही. मिस्टरांनी दहा-दहा लिटरचे दोन प्लास्टिकचे कॅन पंपावरून भरून आणले, किचनला लागून असलेल्या पॅसेजमध्ये ठेवले, आणि संध्याकाळी स्कूटरसाठी बाटलीत ओतून घेताना आत गॅस चालू होता. हातपाय भाजले, शेजाऱ्यांचं दार जळालं, आणि संप तर झालाच नाही. आता शेजारी भरपाई मागतायत आणि तुम्ही विचारताय की सरकारवर केस होते का.

केस होते हो, कोणावरही होते. टिकेल का ते बघू.

पहिली अडचण म्हणजे मंत्र्याचं बोलणं हे कायद्याने आपोआप सरकारचं बोलणं होत नाही. ३ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने कौशल किशोर केसमध्ये हेच सांगितलंय, की मंत्री राज्यकारभाराबद्दल बोलला तरी सामूहिक जबाबदारीचं, म्हणजे सगळं मंत्रिमंडळ मिळून जबाबदार असतं हे तत्त्व लावून ते विधान सरकारच्या गळ्यात बांधता येणार नाही. न्या. नागरत्ना यांनी वेगळं मत दिलं, की मंत्री अधिकृतपणे सरकारचंच म्हणणं मांडत असेल तर जबाबदारी सरकारवर येऊ शकते, आणि मला स्वतःला तेच पटतं कारण लोक मंत्र्याचं ऐकतात ते त्याच्या खुर्चीमुळे, त्याच्या पेट्रोलच्या ज्ञानामुळे नाही. पण कोर्टात बहुमत चालतं, माझं पटणं नाही. तरी त्याच निकालात तुमच्या कामाची एक फट आहे: नुसत्या विधानावर दावा होत नसला तरी त्या विधानामुळे अधिकाऱ्यांनी काही केलं किंवा करायचं ते केलं नाही आणि त्यातून माणसाचं नुकसान झालं, तर मूलभूत हक्काच्या भंगाची भरपाई मागता येऊ शकते. म्हणजे व्हिडिओ एकटा पुरणार नाही, त्याच्यामागे कागद शोधायचाय. कलेक्टर ऑफिसने तसं काही परिपत्रक काढलं का, पुरवठा विभागाने पंपांना काय कळवलं, "साठा पुरेसा आहे" हे त्यांना कधीपासून माहीत होतं आणि लोकांना कधी सांगितलं.

कागदामुळे काय फरक पडतो बघा. जानेवारी २०२४ मध्ये हिट अँड रनच्या नव्या कलमावरून ट्रकवाल्यांचा संप झाला तेव्हा चंदीगड प्रशासनाने लेखी ऑर्डर काढून दुचाकीला २ लिटर आणि चारचाकीला ५ लिटर अशी मर्यादा घातली होती. चूक की बरोबर सोडा, पण सही कोणाची आणि कुठल्या अधिकारात हे त्या कागदावर असतं, त्याला हायकोर्टात आव्हान देता येतं. कॅमेऱ्यासमोर बोललेल्या वाक्याला असा मालक नसतो.

दुसरी गोष्ट, सरकारी वकील आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ पुढे करणार हे धरून चाला. त्याचं कलम ७३ सद्हेतूने केलेल्या कामाला संरक्षण देतं आणि ७४ तर थेट येऊ घातलेल्या आपत्तीचा अधिकृत इशारा देणाऱ्या अधिकारी-कर्मचाऱ्यांना. यावर आपलं उत्तर असं की इंधन कमी पडेल ही भीती म्हणजे त्या कायद्यातली "आपत्ती" नाही, तिथली व्याख्या मोठी जीवितहानी, वित्तहानी आणि समाजाच्या आवाक्याबाहेरचं संकट अशी आहे, आणि "भरून ठेवा" हा इशारा नाही, सल्ला आहे. मला हे उत्तर दमदार वाटतं. सार्वभौम अधिकाराचा, म्हणजे राज्यकारभार करताना झालेल्या नुकसानीला सरकार जबाबदार नाही, हा जुना मुद्दा, १९६५ च्या कस्तुरीलाल निकालातला, तोही येईल, पण १९९४ च्या नागेंद्र राव निकालाने त्याची धार बरीच बोथट केलीय. तिथे जप्त केलेलं खत अधिकाऱ्यांच्या निष्काळजीपणाने खराब झालं आणि सरकारला पैसे द्यायला लागले.

असं दुसरीकडे कुठे झालंय का असंही विचारलंय तुम्ही. झालंय, जवळपास जसंच्या तसं. मार्च २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये टँकर ड्रायव्हरांच्या संपाची भीती होती, तेव्हाचे कॅबिनेट ऑफिस मंत्री फ्रान्सिस मॉड म्हणाले की गॅरेजमध्ये जेरीकॅनभर जादा पेट्रोल ठेवणं शहाणपणाचं. अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या युनियनने लगेच आक्षेप घेतला. दोनच दिवसांत यॉर्कमध्ये एक बाई स्वयंपाकघरात पेट्रोल ओतताना गॅसमुळे भडका उडून गंभीर भाजल्या. तोही संप झाला नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत जाते आणि शून्याच्या खूप खालच्या तापमानालाही पेट घेण्याइतकी तयार होते, त्यामुळे ज्योत कॅनजवळ असायची गरजच नाही. तुमच्या पॅसेजमध्ये नेमकं हेच झालं असणार. भरून ठेवा सांगणाऱ्याने हे दुसरं अर्धं सांगायलाच पाहिजे होतं, आणि दाव्यात जोर द्यायचाच तर यावर द्या, सल्ला दिला यावर नाही तर अर्धा दिला यावर.

कारण पहिला अर्धा भाग बेकायदा नव्हताच. पेट्रोलियम कायदा १९३४, कलम ८: विक्रीसाठी नसेल तर ३० लिटरपर्यंत पेट्रोल लायसन्सशिवाय ठेवता येतं. तुमचं २० लिटर होतं, त्यात बसतं. पण त्याच कलमात पुढे लिहिलंय की ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनीमातीच्या किंवा धातूच्या भांड्यात ठेवायचं, काच-चिनीमाती असेल तर १ लिटरपर्यंत आणि धातू असेल तर २५ लिटरपर्यंत. प्लास्टिक त्यात नाही. म्हणजे तुमच्या बाजूनेही नियम मोडलाय आणि समोरचा वकील हे पहिल्याच तारखेला काढणार. यामुळे दावा मरत नाही, पण सहभागी निष्काळजीपणा, म्हणजे नुकसानीत तुमचाही वाटा होता, म्हणून रक्कम कापली जाते, आणि पोलिसांनी मनावर घेतलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८७, ज्वलनशील पदार्थाबाबत निष्काळजीपणा, सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, हे मिस्टरांवरच लागू शकतं. म्हणून जबाब देताना कॅन कसला होता यावर लपवाछपवी करू नका, पंचनाम्यात वितळलेलं प्लास्टिक आलेलं असणारच.

आता खरं सांगू का, तुम्ही सगळा राग मंत्र्यावर काढताय पण तुमची सगळ्यात मजबूत केस पंपावर आहे. भर गर्दीत, दोन प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल कोणी भरून दिलं? मंत्र्याने नाही. सामान्य माणसाला कलम ८ माहीत नसेल, डीलरला माहीत असणं हे त्याच्या धंद्याचाच भाग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगात डीलर आणि ऑइल कंपनी दोघांविरुद्ध तक्रार करा. मुदत दोन वर्षं. फी तुम्ही मोजलेल्या पैशांवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही, आणि ५ लाखांपर्यंत ती शून्य आहे, तुम्ही तर दोन कॅनचे पैसे दिलेत. दिवाणी कोर्टात हेच उलटं, तिथे मागणीच्या रकमेवर कोर्ट फी. पंपाचं बिल किंवा यूपीआयची नोंद सांभाळा, आणि सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा अशी लेखी नोटीस पंपाला आजच रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा, कारण ते रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं आणि मग कोणी म्हणतं आमच्याकडे असे कॅन आलेच नाहीत.

सरकारचा रस्ता सोडा असं म्हणत नाही, पण क्रमाने. आधी माहिती अधिकारात कलेक्टर आणि जिल्हा पुरवठा अधिकारी यांच्याकडे अर्ज, दहा रुपये, तीस दिवस: त्या तारखांचा साठ्याचा तपशील, प्रेस नोट, पंपांना दिलेल्या सूचना, सुरक्षेबाबत काही कळवलं असेल तर त्याची प्रत. चॅनलवरचा तो व्हिडिओ पूर्ण लांबीचा डाउनलोड करा, तुकडा नको, आणि असा व्हिडिओ पुरावा म्हणून दाखल करायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं ते वकिलाच्या मदतीने तयार करून घ्या. हॉस्पिटलची एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद, आणि फायर ब्रिगेडचा रिपोर्टही काढून ठेवा. कागद हाताला लागले तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस द्यायची, दोन महिने थांबायचं, मग दावा. सरकारवरच्या अशा दाव्याला एक वर्षाचीच मुदत लागते असं समजून चला, नोटिशीचे दोन महिने त्यात मोजले जात नाहीत पण त्या भरवशावर बसू नका. हायकोर्टात रिटही, म्हणजे मूलभूत हक्कांसाठीची थेट याचिका, करता येते, पण कोण नेमकं चुकलं यावर वाद असला की कोर्ट दिवाणीत जा म्हणतं. अधिकाऱ्यांनी साठा माहीत असून गप्प बसल्याचा लेखी पुरावा मिळाला तरच मी तिकडे जाईन.

पैशाची आत्ता ओढ असेल तर पुढच्या स्किन ग्राफ्टिंगसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसणारं हॉस्पिटल बघा, भाजलेल्यांचे उपचार त्यात आहेत. झालेलं बिल मात्र त्यातून परत मिळत नाही.

शेजाऱ्यांना "मंत्र्याकडे मागा" असं उत्तर देऊ नका, उगाच नातं बिघडतं आणि कायद्यातही ते उत्तर नाही, आग तुमच्या घरातून गेलीय. दाराचा खर्च खरंच दारापुरता असेल तर देऊन टाका, पण पावती घ्या आणि त्यावर "कुठलीही चूक मान्य न करता" हे शब्द लिहून घ्या, म्हणजे तीच रक्कम उद्या ग्राहक आयोगात पंपाकडून मागता येईल.