वाचकांचे प्रश्न : आधी रिकामी रिफिल, मगच नवे पेन

प्रश्न : मी एका मोठ्या संस्थेच्या तक्रार निवारण विभागात काम करते. आमचे नवे विभागप्रमुख दुसऱ्या इमारतीत बसतात आणि आम्हांला भेटतात ते केवळ परिपत्रकांतून. आता जागेवरून उठायचे झाल्यास हालचाल नोंदवहीत वेळ व कारण लिहून पर्यवेक्षकांची सही घ्यावी लागते आणि नवे पेन हवे असल्यास आधी रिकामी रिफिल जमा करावी लागते. परवा एक वयस्कर ग्राहक खिडकीशी उभे होते, त्यांची जुनी फाइल खालच्या मजल्यावरील अभिलेख कक्षात होती आणि सही करणारे पर्यवेक्षक बैठकीला गेले होते. ते येईपर्यंत मी उठू शकले नाही. वरिष्ठांशी बोलावे, की मुकाट्याने नोंदवही भरत राहावे?

उत्तर : बोलावे, पण रिफिलविषयी नव्हे. रिफिलचा नियम अपमानास्पद आहे हे मान्य, कारण त्यातून वाचणारा पैसा नगण्य आणि व्यक्त होणारा संशय मोठा असतो. मात्र त्याची तक्रार घेऊन गेलात, तर तुम्हीच क्षुल्लक गोष्टीवरून वाद घालता, असे म्हणायला वरिष्ठांना जागा मिळेल. नोंदवहीमुळे मात्र ग्राहक ताटकळतो, आणि ग्राहक ताटकळला तर त्याचा जाब विभागप्रमुखांनाही द्यावा लागतो.

असे नियम येतात कुठून, हे समजून घेतल्यास बोलणे सोपे जाईल. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ॲल्विन गोल्डनर यांनी जिप्समची खाण आणि तिला जोडलेला कारखाना यांचा बारकाईने अभ्यास करून १९५४ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथील जुन्या व्यवस्थापकांचे कामगारांशी घरोब्याचे संबंध होते आणि बरीचशी कामे तोंडी समजुतीवर चालत. त्यांच्या जागी आलेल्या नव्या व्यवस्थापकांवर मुख्य कार्यालयाकडून उत्पादन वाढवण्याचे दडपण होते, परंतु कारखान्यात त्यांच्या ओळखीचे कोणीच नव्हते. कोणावर विसंबावे आणि कोणावर लक्ष ठेवावे हे ठाऊक नसल्यामुळे त्यांनी सगळ्यांवरच लक्ष ठेवणारे नियम लागू केले. कामगारांनी मग नियमात बसेल तेवढेच आणि चालून जाईल तितकेच काम करायला सुरुवात केली. ते पाहून देखरेख वाढली आणि देखरेख वाढली तसे कामगारांचे मन कामावरून आणखी उडाले.

याच अभ्यासात गोल्डनर यांनी नियमांचे तीन प्रकार सांगितले. पहिला दिखाऊ नियम, जो बाहेरच्या कोणीतरी लादलेला असतो आणि आतले कोणीच पाळत नाही. त्या कारखान्यातील धूम्रपानबंदी विमा कंपनीच्या आग्रहामुळे आलेली होती आणि तपासनीस येणार असेल तेव्हाच पाळली जाई. दुसरा दोन्ही बाजूंना पटलेला नियम, उदाहरणार्थ सुरक्षेचा. तिसरा एका बाजूने दुसरीला वचक बसावा म्हणून केलेला नियम. तुमची हालचाल नोंदवही तिसऱ्या प्रकारात मोडते, असे तुमच्या पत्रावरून दिसते. तरीही तिचा उगम विचारून घ्या. कोणी एक जण तासन्‌तास जागेवर नसे म्हणून ती आली असेल, तर चोर सोडून संन्याशाला फाशी दिली गेली, असे म्हणता येईल. पण लेखापरीक्षणातील एखाद्या आक्षेपामुळे आली असेल, तर विभागप्रमुखही बांधलेले असतील आणि तुमचे म्हणणे तुम्हांला वेगळ्या दाराशी न्यावे लागेल.

पुढील दोन आठवडे एक टिपण ठेवा. सहीसाठी कोणता ग्राहक किती मिनिटे थांबला आणि त्याचे काम काय होते, एवढेच त्यात असावे; विशेषणे नकोत. ते पर्यवेक्षकांना आधी दाखवा, कारण दिवसभर सह्या करून तेही वैतागलेले असण्याचा संभव आहे आणि त्यांना वगळून वर गेल्यास हाताशी असलेला मित्र दुखावेल. मागणी नियम रद्द करण्याची नसावी. नोंद जागच्या जागी करावी आणि सही दिवसअखेरीस एकदाच घ्यावी, असा बदल महिनाभर करून पाहण्याची विनंती करा. अशी विनंती मान्य केल्याने परिपत्रक काढणाऱ्याचा मान जात नाही. जमल्यास विभागप्रमुखांना अर्धा तास खिडकीशेजारी बसण्याचे निमंत्रण द्या. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस नेहमीच दुष्ट असतो असे नाही. पुष्कळदा त्याला वरून कळप नीट दिसतच नसतो.

एक मोह मात्र टाळा. प्रत्येक नियम अक्षरशः पाळून काम ठप्प करणे हे कामगार संघटनांचे जुने आणि परिणामकारक हत्यार आहे, कारण कोणतेच कार्यालय निव्वळ नियमांवर चालत नाही, हे त्यातून उघड होते. पण ते एकटीने उचलले, तर त्याचा फटका खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला बसेल आणि ठपका तुमच्यावर येईल.

प्रश्न : मी पर्यवेक्षक आहे. मला स्वतःला न पटणारे नियम हाताखालच्या लोकांकडून पाळून घ्यावे लागतात. मर्जीतल्यांकडे थोडा काणाडोळा केला तर वातावरण हलके राहते. यात गैर काय?

उत्तर : ‘मर्जीतल्यांकडे’ हेच गैर आहे. सवलतीच्या बदल्यात सद्भावना मिळवण्याचा हा व्यवहार सर्वत्र चालतो, गोल्डनर यांनीही तो टिपला आहे, आणि त्यामुळेच निरर्थक नियम टिकून राहतात, कारण मधल्या अधिकाऱ्याच्या हाती ते नाणे ठरतात. ढिलाई द्यायचीच असेल तर सर्वांना सारखी आणि वरिष्ठांना सांगून द्या. नियम पटत नसताना पटल्याचा आव आणू नका. तो कोणाचा, कशासाठी आला आणि तुम्ही त्याविषयी वर काय कळवले आहे, एवढे लोकांना स्पष्ट सांगा. काहीच कळवले नसेल, तर सुरुवात तेथून करावी लागेल.