मोगल, मुघल आणि टायकून

प्रश्न असा आलाय : एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन रेल्वेवरच्या एका लेखात व्हँडरबिल्ट नावाच्या बड्या रेल्वेमालकाला "रेल्वे मुघल" म्हटलंय, तर हा मुघल म्हणजे आपल्या औरंगजेबाचाच का, आणि मराठीत त्याऐवजी टायकून लिहिलं तर चालेल का?

हो, तोच. मुळात मंगोल, फारसीत मुग़ल, हे सगळ्यांना माहीत असतं, ते सोडू. पण आधी ते "मुघल" लिहिणं थांबवा हो. मराठीत हा शब्द मोगल आहे, जुन्या कागदांत मोगल किंवा मोंगल, त्यावरून मोगलाई, सगळीकडे ओकार. हल्ली जो तो हिंदी चॅनेलवरून उचलून "मीडिया मुघल" ठोकून देतो, आणि ज्या इंग्रजी शब्दाचं (mogul) हे भाषांतर करायला निघालेत त्यातही ओच आहे! माझं तर जुनं मत आहे की इंग्रजांना हा ओ आपल्या किनाऱ्यावरनंच मिळाला. अकबराच्या दरबारात जे ख्रिस्ती पाद्री गेले ते गोव्याहून गेले, आणि पोर्तुगीज लिहायचे "मोगोर". आता गोव्यात त्यांच्या आजूबाजूला बोलणारी माणसं कोण, कोकणी-मराठी बोलणारीच ना? थेट दरबारी मुन्शीकडून शब्द घेतला असता तर उकार घेऊन आला असता. कोशवाले "फारसीतून" एवढं लिहून हात झटकतात, मधे शब्द कुठे मुक्काम करून आला याची त्यांना काही पडलेली नसते. अंदाज माझा आहे, पण ओ त्यांनी आधी समजावून सांगावा मग मला हसावं.

असो. इंग्रजीत दिल्लीचा बादशहा झाला "ग्रेट मोगल", आणि सतराव्या शतकापासूनच कुठल्याही बड्या धेंडाला मोगल म्हणायला लागले. इथपर्यंत कुणीही सांगेल. (बर्फावर स्कीइंग करतात त्यातला उंचवटाही मोगल, पण तो जर्मन बोलीतला वेगळा शब्द, त्याला यात ओढू नका.) खरी मजा अशी की अमेरिकेत मोगल नावाचं इंजिन होतं.

तिकडे तेव्हा जिकडेतिकडे चालायचं ते ४-४-० इंजिन, म्हणजे पुढे चार छोटी चाकं, मागे वाफेच्या जोरावर फिरणारी चार मोठी, आणि त्यांच्यामागे छोटी चाकं नाहीत म्हणून शून्य. त्याला "अमेरिकन"च म्हणायचे. पॅसेंजरला ते ठीक, पण कोळशाचे डबे ओढायचे तर रुळावर पकड पाहिजे, आणि पकड येते ती जोराच्या चाकांवर वजन टाकून, म्हणून मोठी चाकं सहा केली. सहा केल्यावर इंजिन लांब आणि ताठ झालं, रूळ घाईघाईने टाकलेले, वरखाली, वळणंही तीव्र, तिथे असलं ताठ इंजिन कसं वळणार. यावर १८६४ मध्ये विल्यम हडसनने पेटंट घेतलं, हा न्यू जर्सीत पॅटरसनच्या रॉजर्स कारखान्याचा सुपरिटेंडेंट. पुढे छोट्या चाकांची एकच जोडी, ती आपली आपण वळणारी, पण तिच्या स्प्रिंगा तरफेने मागच्या मोठ्या चाकांच्या स्प्रिंगांना जोडलेल्या, म्हणजे रूळ खाली गेला काय वर आला काय, वजन वाटलं जातं. हे झालं २-६-०. लगेच १८६६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या टॉन्टनच्या कारखान्याने न्यू जर्सीच्या सेंट्रल रेलरोडसाठी एक इंजिन बांधलं, त्याचं नाव ठेवलं मोगल, आणि पुढे २-६-० म्हटलं की मोगल. १९१० पर्यंत असली सुमारे ११ हजार इंजिनं अमेरिकेत तयार झाली.

काही इंग्रज रेल्वेप्रेमी म्हणतात नाव आमच्याकडचं, ग्रेट ईस्टर्न रेल्वेच्या मोगल नावाच्या इंजिनावरनं. ते इंजिन १८७९ चं! तेरा वर्षं आधी टॉन्टनवाल्यांना स्वप्न पडलं होतं का? इंग्लंडात ते नाव तिथनं रुजलं असेल एवढं फारतर मान्य करू. आणि तारखा बघा जरा, बहादुरशाह जफर रंगूनला कैदेत वारला १८६२ मध्ये. दिल्लीत तख्त राहिलं नाही आणि चार वर्षांत तिकडे न्यू जर्सीत मोगल रुळावर!

टायकूनचं म्हणाल तर तो जपानी, ताइकुन, शोगुनाची, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाची, परदेशी लोकांसाठीची पदवी. अमेरिकन आरमारी अधिकारी पेरीची जहाजं १८५३ मध्ये जपानला गेली त्यानंतर तो अमेरिकेत पोचला, आणि लिंकनचा सेक्रेटरी जॉन हे (Hay) हा खुद्द लिंकनलाच टायकून म्हणायचा. बडा उद्योगपती हा अर्थ रुळला तो पहिल्या महायुद्धानंतर. व्हँडरबिल्ट मेला १८७७ ला, म्हणजे त्याला टायकून लिहिणं काळाला धरून नाही; त्याच्या हयातीत लोक त्याला म्हणायचे "कमोडोर". न्यूयॉर्क टाइम्सने १८५९ मध्येच त्याची तुलना ऱ्हाइनकाठी वाटसरूंना लुटणाऱ्या जर्मन सरदारांशी केली होती, त्याच्या आगबोटींच्या धंद्यावरून. "रॉबर बॅरन" म्हणतात ते हेच.

मला विचाराल तर त्या काळासाठी आपली मोगलाई चपखल. निजामाच्या मुलखाला आपली माणसं मोगलाई म्हणायची आणि "इथे काय मोगलाई लागून गेलीय का" हेही आपलंच. १८६८ चं इरी रेल्वेचं प्रकरण घ्या, व्हँडरबिल्ट कंपनी ताब्यात घ्यायला शेअर विकत घेतोय, आणि ड्रू, गूल्ड, फिस्क हे तिघं कारभारी नवे शेअर छापून त्यालाच विकतायत, तो घेतोय तसे हे छापतायत, मग अटकेचा हुकूम निघाल्यावर साठेक लाख डॉलर रोकड बांधून हडसन नदीपलीकडे जर्सी सिटीत पळाले. याला मोगलाई नाही तर काय म्हणायचं?

मोगलनंतर मिकाडोही (जपानच्या सम्राटाची पदवी) आला बरं का, १८९७ मध्ये बाल्डविन कारखान्याने जपानच्या निप्पॉन रेल्वेसाठी २-८-२ इंजिनं बांधली त्यावरून पडलेलं नाव. दुसऱ्या महायुद्धात जपानशी जुंपल्यावर अमेरिकनांनी ते बदलून आपल्या सेनापतीच्या नावावरून मॅकआर्थर केलं. मोगलचं नाव कुणाला बदलावंसं वाटलं नाही, मोगलांशी त्यांचं कधी युद्धच झालं नव्हतं.